चिठ्ठ्या काढून पाठवाव्यात

कारकून ओमप्रकाशने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या दिवशी सहा जानेवारी होती, मंगळवार. अकोल्याच्या त्या कॉलेजच्या ऑफिसात मी चौथ्यांदा आलो होतो, आणि दर वेळेसारखंच त्याने आधी चहा घ्या म्हटलं होतं.

"हे पाहा तायडे भाऊ. लायब्ररी, देवघेव काउंटर, कॉम्प्युटर एक नग. निर्लेखित, म्हंजे भंगारात काढला." मग त्याने पान उलटलं. "अन् हे दान. बावीस नग. विहार, अमरावती. म्हंजे मॅडमचा कॉम्प्युटर तुमच्याकडेच आला ना. तुमी अर्ज कायचा करून राहिले?"

मी म्हटलं, "पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. आतल्या डिस्कचा नंबरही रजिस्टरात होता, तोही वाचला. मी तो माझ्याच अर्जाच्या मागे लिहून घेतला. आकडे चुकले, दोनदा लिहावा लागला.

माझी बायको ज्योत्स्ना या कॉलेजच्या ग्रंथालयात सोळा वर्षं सहायक होती. अमरावतीहून रोज रेल्वेने ये-जा करायची. एकोणीस ऑगस्टला ती डेंग्यूने गेली. ताप आल्यापासून चार दिवसांत. तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये तिचं पाच वर्षांचं काम होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी पहिलं काम केलं ते कॉलेजात अर्ज देण्याचं. त्यातल्या तिच्या फाइली मला द्या, एवढंच मागितलं होतं. बावीस सप्टेंबरचा शिक्का आहे त्यावर. प्राचार्यांची सही व्हायची आहे, असं मला तीन वेळा सांगितलं गेलं.

"इकडं विहारात टेम्पो आला तवा मी तुले फोन केला होता," मी ओमप्रकाशला म्हटलं. "यात लायब्ररीची मशीन आहे का, म्हणून विचारलं होतं. काय म्हटलं होतं तू?"

"साऱ्या लॅबच्या आहेत म्हटलं. मले तसंच वाटलं ना भाऊ. मंग समजलं का पत्रात बावीस टायपलं होतं अन् लॅबमध्ये निघाल्या एकवीस. फोटोवाला येऊन उभा होता. तर शिपायानं लायब्ररीतली उचलून गाडीत टाकली. बंदच पडून होती."

"मंग समजलं तवा मले फोन काहून नाही केला?"

त्याने रजिस्टर मिटलं.

"अन् चिठ्ठी? लायब्ररीची चिठ्ठी चिकटवलेली होती त्यावर. मी सोता पाहिली होती."

"थे काढली. तुमच्याच कागदात लिहिलेलं होतं."

त्याने ड्रॉवरमधून कागद काढून समोर ठेवला. आमच्या विहाराचा छापील कागद. कॉम्प्युटर देणाऱ्यांसाठी सूचना. तिसरी सूचना अशी: नाव, विभाग व नंबर यांच्या चिठ्ठ्या काढून पाठवाव्यात. माझा अर्ज साडेतीन महिने त्या लोकांनी वाचला नाही, पण ही एक ओळ वाचली आणि तंतोतंत पाळली.

मी रजिस्टर उचललं आणि टेबलावर आपटलं. चहाचा कप खाली गेला. शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून उभी राहिली. ओमप्रकाश म्हणाला, "भाऊ, माह्यावर काहून राग काढता? डिस्क तर तुमी पुसली असन ना."

त्याला मारायला माझा हात उठला होता. मारलं नाही. बाहेर आलो आणि स्टेशनपर्यंत चालत गेलो.

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. रिटायर झाल्यापासून विहाराच्या मागच्या खोलीत जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गेल्या वर्षी तर ढीग लागला. जुनं विंडोज बंद झालं म्हणून लोकांनी चांगले चालणारे कॉम्प्युटर भंगारात काढले. आम्ही ते मागून आणतो, डिस्क पुसतो, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकतो आणि गावोगावच्या अभ्यासिकांना देतो. वलगावला आठ दिले, नांदगाव खंडेश्वरला सहा.

पुसायचं काम असं असतं. माझ्याकडे लिनक्सची एक डीव्हीडी आहे. ती घालून कॉम्प्युटर सुरू केला की सगळं त्या डीव्हीडीवरून चालतं. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर जे आहे ते सुरूच होत नाही. कोणाचं नाव दिसत नाही, फोटो दिसत नाही, फाइल दिसत नाही. पडद्यावर फक्त डिस्कची कंपनी, आकार आणि नंबर येतो. तो नंबर मी वहीत लिहितो आणि पुसायचा हुकूम देतो. मग डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्यं लिहिली जातात. पाचशे जीबीला दोन तास लागतात. त्यानंतर तेवढाच वेळ घालवून सगळी डिस्क परत वाचून पाहायची की शून्याशिवाय काही राहिलं नाही ना. बरेच लोक ही तपासणी करत नाहीत. मी करतो.

आणि आमचा एक नियम आहे. पुसण्याआधी कोणाचीही डिस्क उघडून पाहायची नाही. काही वर्षांपूर्वी बडनेऱ्याला एका दुकानदाराने एका मास्तरीणबाईच्या जुन्या कॉम्प्युटरमधले घरचे फोटो काढून चार जणांना दाखवले. त्या बाईला बदली मागून जावं लागलं. मी हे काम सुरू केलं तेव्हा ज्योत्स्नानेच मला बजावलं होतं.

"लोक आपल्या भरोशावर देऊन राहिले," ती म्हणाली होती. "तुमी पाहालच नाही, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. अन् कोणाची मशीन आहे हेबी तुमाले माहीत नको."

सूचनांचा तो कागद तिनेच टाइप केला होता. चिठ्ठ्यांची ओळही तिचीच.

तिचं काम काय होतं ते सांगतो. छप्पन सालच्या ऑक्टोबरात आमची माणसं नागपूरला दीक्षेला गेली. कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, कोणी पायी. पुरुषांच्या आठवणी पुष्कळांनी लिहून ठेवल्या आहेत. त्यांच्यासोबत ज्या पोरी गेल्या, दहा वर्षांच्या, चौदा वर्षांच्या, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता त्या ऐंशीच्या आसपास, काही त्याच्याही पुढे आहेत. ज्योत्स्नाने अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या अशा त्रेचाळीस बाया शोधल्या आणि त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पाच वर्षं, दर रविवारी. मी तिला गाडीवर बसवून न्यायचो. ती आत बसायची, मी बाहेर. माझ्यासमोर बाया बोलत नसत. कोणाचा पंखा बिघडलेला असला तर मी तेवढ्यात तो दुरुस्त करायचो. एकही रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही.

मोबाइलमध्ये जागा नव्हती. म्हणून सोमवारी ती ते कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उतरवायची आणि मोबाइलमधून काढून टाकायची. घरी ठेव म्हटलं की हसायची. "तुमच्या घरातली कोणती डिस्क कवा शून्य होईन, काही नेम आहे का?"

मी तिच्यासाठी एक नवी डिस्क आणून ठेवली होती. अकोल्याला येतो आणि सगळ्याची दुसरी प्रत करून देतो, असं म्हटलं होतं. जूनमध्ये म्हटलं. तिने तीनदा आठवण केली. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो होतो, करतो ना, पळून चाललं का ते. डिस्क अजून कपाटात आहे, तिचं प्लास्टिकही फाडलेलं नाही.

त्या दिवशी अकोल्याहून आलो तो सरळ विहाराच्या खोलीत गेलो आणि वही उघडली. नंबर सातव्या ओळीत होता. पाच नोव्हेंबर, बुधवार. पाचशे जीबी. पुसली. तपासली. दोष नाही. खाली माझी सही.

त्या बुधवारचं मला काहीही आठवत नाही. तेव्हा घरी बसवत नव्हतं म्हणून मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खोलीत असायचो. चार-चार कॉम्प्युटर एकदम लावायचो. एक संपला की दुसरा. आलेला माणूस म्हणायचा, नागसेन भाऊनं सोताले चांगलं कामात गुंतवून घेतलं.

तो कॉम्प्युटर वलगावच्या अभ्यासिकेत गेला होता. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. एक मुलगी त्यावर टायपिंगचा सराव करत होती. मी मागे उभा राहिलो.

"काका, यात काही बिघाड आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग नेऊ नका बरं. माही परीक्षा आहे."

मी नेला नाही. नेऊन काय करणार होतो?

ज्योत्स्नाचा भाऊ स्वप्निल नागपूरला असतो. मी त्याला फोन केला तर तो रविवारी आलाच. चांगला पोरगा आहे. पण त्याला वाटतं की जगात प्रत्येक गोष्टीला एक ओळखीचा माणूस असतो.

"भाऊजी, धंतोलीत एक जण आहे. फॉरमॅट झालेलं काढून देते. मोठमोठ्या डॉक्टरचा डेटा काढला त्यानं."

"फॉरमॅट नाही बापू. शून्य लिहिले आहेत."

"तरी पण. थोडं तर राहिलंच असन कोपऱ्यात कुठं."

"थोडंबी राहिलं नाही ना, हेच पाहाले मी दोन तास बसलो होतो."

"एकदा दाखवाले काय जाते? मी पैसे देतो."

"तुले समजत नाही का?" मी ओरडलो. "मी काम नीट केलं. एखाद्या हरामखोरानं केलं असतं तर काही तरी सापडलं असतं. मी नीट केलं."

त्याने पैशांचं पुन्हा काढलं नाही. मग म्हणाला, "ताई असती तर तिनं तुमाले काही म्हटलं नसतं."

हे ऐकून तर मला अधिकच राग आला. लोक हे फार सोपं बोलतात. ती असती तर तिने मला चांगलं धारेवर धरलं असतं. तिला तोंड होतं. आणि मी तिच्यावरही चिडलो होतो. पाच वर्षांचं काम परक्यांच्या टेबलावर कोण ठेवतं? नवऱ्याच्या हाताखाली पन्नास डिस्का पडलेल्या असताना?

मी तक्रार लिहायला बसलो. विद्यापीठाला एक, पेपरवाल्यांना एक. कॉलेजने दानाच्या वेळी पेपरात फोटो दिला होता. त्याखाली छापलं होतं, 'कै. ज्योत्स्ना तायडे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ बावीस संगणक भेट.' आम्ही बौद्ध. आमच्यात कालकथित म्हणतात, कैलासवासी नाही. सोळा वर्षं ती त्यांच्यासोबत डबा खात होती आणि एवढं कोणाला माहीत नव्हतं. हेसुद्धा तक्रारीत लिहिलं. सात पानं झाली. वाचून पाहिली तेव्हा लक्षात आलं की पाचव्या पानापर्यंत मी डिस्क कोणी पुसली हे लिहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात सत्यभामा मॅडम आल्या. त्या कॉलेजच्या ग्रंथपाल, ज्योत्स्नाच्या वरच्या. ओमप्रकाशने त्यांना सांगितलं असणार. गुरुवारी दुपारी बडनेऱ्याला उतरून ऑटोने विहारात आल्या. मी खोलीत एक कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, बसू का?"

मी स्टूल सरकवला.

"यादीवर माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "प्राचार्यांनी कागद पाठवला, फोटोवाला थांबला आहे म्हणाले. मी वाचला नाही. सही केली आणि मीटिंगला गेले. परत आले तर टेबल रिकामं होतं. मला वाटलं, तुमच्याकडेच गेलं, म्हणजे बरंच झालं. तुम्हाला पाहिजे ते तुम्ही काढून घ्याल."

"फोन काहून नाही केला?"

"करायला पाहिजे होता."

"अर्जाचं माहीत होतं ना तुमाले?"

"होतं."

"बावीस सप्टेंबरपासून माहीत होतं. टेम्पो भरेपर्यंत दहा पावलांवर ती मशीन होती. एक पेन ड्राइव्ह लावून तुमी तिच्या फाइली काढू शकत होत्या. पासवर्डबी तुमाले माहीत होता."

"प्राचार्यांची परवानगी नव्हती भाऊ. नोकरी आहे माझी."

"मंग नोकरी करा. इथं काहून आल्या?"

त्या रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि मला विचारलं, "तुम्ही एकदाही सुरू करून नाही पाहिला?"

"आमी पाहत नाही."

"काही नाही, नुसता सुरू केला असता तरी कळलं असतं. पडद्यावर तुमच्या दोघांचा फोटो होता. चिखलदऱ्याचा. तुम्ही टोपी घातलेला."

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो मी भिंतीवर फेकला. विहाराच्या अंगणात खेळणारी पोरं थांबून आत पाहायला लागली. मी मॅडमला म्हटलं, तुमी निघा.

त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. म्हणाल्या, "यादी आहे ना तिच्या डायरीत? त्या बायांची? रोज डबा खाताना ती मला एकेकीचं सांगायची. एकदा मी तिच्यासोबत गेलेही होते. आपण परत जाऊ. रविवारी मी मोकळी असते. तुम्ही फक्त गाडीचं पाहा. जेवढ्या राहिल्या आहेत तेवढ्यांचं पुन्हा घेऊ."

"तुमचे उपकार नको."

"उपकार नाहीत."

"तिच्या कामाले तुमचा हात लागला, तेवढा पुरे झाला. निघा."

त्यांनी त्यांचा मोबाइल नंबर एका कागदावर लिहून टेबलावर ठेवला आणि गेल्या. मी कागद फाडला नाही. फाडायचा होता.

मी ठरवलं, एकट्यानेच जायचं. ज्योत्स्नाची निळी डायरी घरात होती. त्रेचाळीस नावं, गावं, कोणाच्या नातवाचा फोन, कोणाच्या शेजाऱ्याचा. आठ नावांपुढे तिने स्वतःच बारीक अक्षरात तारीख घालून 'गेल्या' असं लिहिलं होतं. उरल्या पस्तीस. मी नवा मोबाइल घेतला, जागा भरपूर असलेला.

पहिल्या बाईला आता ऐकू येत नव्हतं. दुसरी मुलीकडे पुण्याला गेली होती. तिसरी मला पाहून आत गेली आणि तिच्या सुनेने चहा दिला, पोहे दिले आणि गेटपर्यंत सोडायला आली. चौथी मनकर्णाबाई. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे त्यांचं गाव. ज्योत्स्ना त्यांच्याकडे तीनदा गेली होती. छप्पन साली त्या चौदा वर्षांच्या होत्या.

त्या ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. मला लगेच ओळखलं.

"पंखेवाला," त्या म्हणाल्या. "बायको कुठं हाय?"

मला वाटलं होतं त्यांना कळलं असेल. कोणीच कळवलं नव्हतं. कळवायचं माझ्याच अंगावर होतं.

"गेली मावशी. ऑगस्टमधी. ताप आला होता."

त्यांनी सूप खाली ठेवलं. नंतर एकदम भडकल्या.

"अन् मले आता सांगून राहिला? पाच महिन्यानं? मी काय मेली होती? मातीले आली नसती का मी?"

"चुकलं मावशी."

"चुकलं म्हने. माह्या लेकीपरस जास्त येत होती थे पोरगी माह्याकडे." त्यांनी डोळे पुसले, पाणी प्यायल्या, मलाही दिलं. "आता काहून आला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, लपवलं नाही. कॉलेज, टेम्पो, डीव्हीडी, शून्यं. त्यांना डिस्क म्हणजे काय ते कळेल असं वाटलं नव्हतं, पण त्यांना बरोबर कळलं.

"तूच पुसलं?"

"हाव."

"अन् पाह्यलं नाई, काय हाय म्हून?"

"आमी दुसऱ्याचं पाहत नाही मावशी."

"दुसऱ्याचं कुठं होतं थे? थे माह्यं होतं."

मी खिशातून नवा मोबाइल काढला.

मग मी त्यांना म्हटलं, पुन्हा एकदा सांगा, मी रेकॉर्ड करतो. मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पदर नीट केला आणि सुरू केलं. बडनेऱ्याहून गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बापाने पांढरं लुगडं आणून दिलं, पोरीच्या मापाचं नव्हतं, तर आईने दुमडून शिवलं. मैदानावर माणसंच माणसं. बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. घरी आल्यावर बापाने देव उचलून नदीत नेऊन टाकले. पाच-सहा मिनिटं बोलल्या आणि थांबल्या.

"झालं."

"एवढंच मावशी? ज्योत्स्नाकडे तुमचं तीन तासांचं होतं. डायरीत लिहिलं आहे."

"हे एवढं मी दर साली जयंतीले स्टेजवर सांगतो. लोकाईले तोंडपाठ हाय."

"मंग बाकीचं?"

"बाकीचं तुले कसं सांगू?" त्या सरळ म्हणाल्या. "माह्या सासरच्यानं काय केलं, देव फेकले म्हून. पाटलाच्या मळ्यात आमा बायांसंग काय झालं. पयलं लेकरू कसं गेलं. हे बाप्या मानसाले सांगाचं असते का?"

"मी बाहेर जातो. मोबाइल असाच चालू ठेवतो. तुमी एकट्या बोला."

"भिताडाले सांगू? बोलाले समोर मानूस लागते बाबू. थे पोरगी रडत होती माह्यासंग. मंधात कवा कवा शिव्या देत होती, त्याईले. म्हून सांगतलं मी."

माझी बायको शिव्या देते हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात मी तिच्या तोंडून एक ऐकली नव्हती.

"कोन्या बाईले आनू मंग?"

"थे चष्मेवाली आली होती ना एक डाव तिच्यासंग. अकोल्याची. तिच्यापुढं बोलली होती मी. तिले आन."

मी म्हटलं, ती नको. तिच्यामुळेच तर झालं हे.

"अन् तुह्याच्यानं नाई झालं?" मनकर्णाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुमचं तुमी भांडा. भांडाले तुमाले लय दिवस हाय. माह्यापाशी नाई. वरूडची पार्वताबाई गेली मांगच्या हप्त्यात, मालूम हाय का?"

मला माहीत नव्हतं. पार्वताबाई यादीत अठराव्या नंबरवर होत्या. त्यांचं रेकॉर्डिंग साडेचार तासांचं होतं, सगळ्यांत मोठं. संत्र्याच्या बगीच्यात झाडाखाली बसून झालेलं. त्या दिवशी मी बगीच्याच्या मोटरचं कनेक्शन जोडून दिलं होतं आणि मालकाने पिशवीभर संत्री दिली होती, एवढं मला आठवतं. आत दोघी काय बोलल्या ते आता कोणालाच माहीत नाही.

मी निघालो तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "लवकर ये. अन् रिकामा येऊ नको."

गाडी चालवताना सबंध रस्ता मी सत्यभामा मॅडमला मनातल्या मनात बोलत होतो. सही करताना वाचायला किती वेळ लागतो? बावीस ओळी. दोन मिनिटं. प्राचार्यांना बोललो, ओमप्रकाशला बोललो, त्या शिपायाला बोललो, ज्याचं नावही मला माहीत नाही. अमरावती आली तरी माझं संपलं नव्हतं. राग खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. विद्यापीठाला तक्रार मी पाठवली. पाचव्या पानावरची गोष्ट पहिल्या पानावर आणून पाठवली. चौकशी होईल तेव्हा होईल.

मनकर्णाबाईंकडे जाऊन आता तीन आठवडे झाले. डायरीत मी पार्वताबाईंच्या नावापुढे तारीख घातली. चौतीस उरल्या. त्यांतल्या किती जणी ज्योत्स्नानंतर गेल्या, हे मी फोन करून विचारलेलं नाही. मनकर्णाबाईंची ती पाच-सहा मिनिटं सोडली तर त्यांपैकी कोणाचंही रेकॉर्डिंग पुन्हा झालेलं नाही. सत्यभामा मॅडमचा नंबर टेबलावर आहे. मी त्यांना फोन केलेला नाही.